कॅमेऱ्यात झकास, ग्रुपवर भकास: भटकंतीचे फोटो शेअर करताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहाटेचं धुकं टिपलंत. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहून स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. घरी येऊन ग्रुपवर टाकलं, तर धुक्यात पट्टे आणि कड्याच्या कातळाचा नुसता चिखल. लगेच नवी लेन्स शोधायला लागू नका. बहुतेक वेळा फोटो काढताना बिघडलेला नसतो, पाठवताना बिघडतो.

पट्टे येण्याचं कारण साधं आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वर कॉम्प्रेशनही होतं. माणसांच्या फोटोत ते फारसं जाणवत नाही. गवत, पावसाची झड, धुक्यातल्या करड्या छटा मात्र यात आधी मरतात, आणि आपल्या सह्याद्रीच्या पावसाळी फोटोत दुसरं असतं तरी काय? नुसता बघायला असेल तर एचडी निवडून पाठवा. कुणाला छापून भिंतीवर लावायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. हे मी एकदा विसरलो आणि मावशीच्या दिवाणखान्यासाठी ग्रुपवरूनच उतरवलेली फाइल छपाईला दिली. १६०० पिक्सेल ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, छापले तर जेमतेम सव्वापाच इंच भरतात. तिला हवी होती दोन फुटांची फ्रेम.

पण या उपायाला दुसरं शेपूट आहे. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही जातात. फोनचं लोकेशन चालू असेल तर गच्चीवरून काढलेल्या इंद्रधनुष्यासोबत तुमच्या घराचा पत्ताही गेला. त्याहून वाईट म्हणजे दुर्मीळ आमरीचं (ऑर्किडचं) फूल किंवा घुबडाचं घरटं. तिथे पुढच्या रविवारी दहा ट्रायपॉड उभे राहू शकतात. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन लोकेशन काढता येतं. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’खाली ही माहिती पुसायची सोय आहे. घरट्याच्या फोटोखाली जिल्ह्याचं नाव लिहिलं तरी पुरे.

आता रंग. कासच्या पठारावरची जांभळी टोपली कारवी तुमच्या कॉम्प्युटरवर रसरशीत दिसते आणि मित्राच्या फोनवर मलूल, तर कॅमेऱ्यात किंवा एडिटिंगमध्ये रंग साठवण्याची ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ ही पद्धत निवडलेली आहे का ते तपासा. शेअर करायची प्रत नेहमी ‘एसआरजीबी’मध्येच काढा. सगळेच फोटो इतरांना निळसर दिसत असतील तर बहुधा रात्री स्क्रीनचा पिवळसर ‘नाइट मोड’ चालू ठेवून रंग जुळवले गेलेत. अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस पूर्ण वाढवून एडिट केलेला फोटो दुसऱ्याला काळपट दिसतो, तोही याच जातीचा घोटाळा. हिरवा रंग ताणणाऱ्यांना काय सांगावं? पावसाळ्यातला सह्याद्री मुळातच इतका हिरवा असतो की तो थोडा कमी केला तरच खरा वाटतो.

धरणाच्या पाण्याचा फोटो तिरका दिसतोय म्हणून लोक पलीकडचा काठ आडवा करत बसतात. काठ वळणारा असेल तर तो फोटोत तिरकाच दिसणार. त्यापेक्षा प्रतिबिंब बघा. झाडाचा शेंडा आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत आलं की फोटो सरळ.

वॉटरमार्क कोपऱ्यात, लहान. कड्याच्या मधोमध आडनाव नको.

एकाच कड्याचे साठ फोटो टाकणं हा आपला राष्ट्रीय रोग आहे. पहिल्या तीननंतर मामा न बघताच अंगठा दाखवतात. पाच निवडा, आणि निवड दोन दिवसांनी करा. गडावरून उतरल्या दिवशी पायांचा शिणवटा आणि अभिमान दोन्ही ताजे असतात, त्यामुळे सगळेच फोटो ग्रेट वाटतात.

फोटोखाली ओळी लिहिताना तारीख विसरू नका. गेल्या सप्टेंबरचा कासचा फोटो जूनमध्ये नुसता ‘कास’ म्हणून टाकलात तर कुणीतरी पोराबाळांना घेऊन निघतं आणि पठारावर फक्त पाऊस बघून परततं. बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. टोपली कारवीचा मोठा बहर तर सात वर्षांतून एकदाच.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचंही तसंच. झाडभर हजारो दिवे दिसणारे ते फोटो बहुधा अर्ध्या-एक तासात काढलेले कितीतरी फोटो एकावर एक चढवून तयार होतात. तसं लिहीत जा. नाहीतर माणसं तेच बघायच्या आशेने येतात आणि दिसलं नाही की टॉर्च मारतात. काजव्यांचं लुकलुकणं जोडीदारासाठी असतं, उजेडात ते थांबतं. मी आता जोडलेल्या फोटोसोबत त्यातला एक सुटा फोटोही टाकतो. त्यात मोजून अकरा ठिपके आहेत.