दोन आया, एक केसपेपर : क्लिनिकपासून जन्मदाखल्यापर्यंतची तयारी

महाराष्ट्रात दोन बायका मिळून बाळ वाढवत असल्या, तरी कायद्याच्या लेखी आई एकच : जिने जन्म दिला किंवा जिच्या नावे दत्तकाचा आदेश निघाला, ती. 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही आणि जोडप्याने मिळून दत्तक घेण्याची वाटही उघडली नाही. त्यामुळे दवाखान्यात दुसऱ्या आईचं जे काही चालतं, ते पहिलीच्या सहीवर चालतं. ही सही लोक समजतात त्यापेक्षा बरीच भक्कम असते. फक्त ती कळा सुरू होण्याआधी, कागदावर झालेली हवी.

क्लिनिक आणि दाता

2021 च्या एआरटी कायद्यानुसार (म्हणजे वैद्यकीय मदतीने गर्भ राहण्याच्या उपचारांच्या कायद्यानुसार) 21 ते 50 वयाची एकटी स्त्री नोंदणीकृत क्लिनिकमध्ये उपचार घेऊ शकते. फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहा, कायद्याने ते खरंच आहे. नवऱ्याच्या रकान्यात जोडीदारणीचं नाव घालू नका. काही क्लिनिकं अविवाहित बाईला परत पाठवतात, म्हणून फी भरण्याआधी फोनवरच विचारा : “अविवाहित पेशंटला दात्याचं वीर्य वापरून आययूआय करता का? नोंदणी क्रमांक काय?” (आययूआय म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं.) एकीचं बीज दुसरीच्या गर्भाशयात ठेवायची इच्छा अनेक जोडप्यांना असते. पण बीजदाती वीर्य-बीज बँकेमार्फतच आणि अनामिक असावी लागते, त्यामुळे क्लिनिक नकार देतं. सरोगसी एकट्या स्त्रियांपैकी फक्त 35 ते 45 वयाच्या विधवा किंवा घटस्फोटितेलाच खुली आहे.

थेट आयव्हीएफचा (शरीराबाहेर गर्भ तयार करून आत ठेवण्याचा) आग्रह झाला तर कारण विचारा. इथे अडचण वंध्यत्वाची नाही, शुक्राणू नसण्याची आहे. वय पस्तिशीच्या आत, गर्भनलिका मोकळ्या आणि पाळी नियमित असेल तर आधी आययूआयच्या काही सायकली करून पाहणं रास्त आहे. ओळखीच्या पुरुषाकडून घरच्या घरी प्रयत्न करू नका. एक तर संसर्गाची तपासणी होत नाही, शिवाय तो पुढे बाप म्हणून कोर्टात उभा राहू शकतो.

आता सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट. आपल्याकडची गरोदरपणाची तपासणी ‘नवरा आहे’ असं धरूनच बेतलेली असते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या. नेहमीच्या पद्धतीत गरोदर बाईची एचपीएलसी ही रक्ततपासणी होते, ती वाहक (स्वतः आजारी नसली तरी आजार बाळाकडे देऊ शकणारी) निघाली तर नवऱ्याला रक्त द्यायला बोलावतात. इथे बोलवायला कोणी नसतं आणि तोवर गर्भ राहिलेला असतो. म्हणून ही तपासणी आययूआयच्या आधी करून घ्या. आई वाहक असेल तर दात्याचा एचपीएलसी अहवाल बँकेकडून लेखी मागा, तो मिळत नसेल तर दाता बदला. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांनी सिकलसेलचंही याच वेळी पाहावं. कायद्याने दात्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या चाचण्या बंधनकारक आहेत. पण ही यादी संसर्गांची आहे. रक्ताच्या आनुवंशिक आजारांचं आपण होऊन विचारावं लागतं.

दुसरा मुद्दा रक्तगटाचा. आईचा गट निगेटिव्ह असेल तर ओपीडीत प्रश्न येतो, “मिस्टरांचा गट काय?” उत्तर फाईलमध्ये तयार हवं. दाता पॉझिटिव्ह असेल किंवा त्याचा गट माहीत नसेल, तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून 28 व्या आठवड्याला अँटी-डी इंजेक्शन लागतं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत पुन्हा. दात्याचा रक्तगट, अहवाल आणि नमुन्याचा क्रमांक यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. क्लिनिकला नोंदी किमान दहा वर्षं जपाव्या लागतात, पण बाळाच्या डॉक्टरांना त्या पहिल्याच महिन्यात लागतील.

सोनोग्राफीच्या एफ फॉर्मवर पतीच्या नावाचा रकाना आला की बऱ्याच जणी गडबडतात. तिथे वडिलांचं किंवा आईचं नावही चालतं. रिसेप्शनवर शांतपणे तेवढं सांगा.

वॉर्डात : सही कोणाची?

सिझेरियनच्या संमतीवर नवऱ्याची सही लागतेच, असा समज दवाखान्यांतही पक्का आहे. तो चुकीचा आहे. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या रुग्णाची संमती तिचीच, तिच्या वतीने दुसरा कोणी ती देऊ शकत नाही. त्या खटल्यात सही रुग्णाच्या आईने केली होती, तीही ग्राह्य धरली नाही. रुग्ण बेशुद्ध असेल आणि जीव धोक्यात असेल, तर डॉक्टरांनी कोणाच्याही सहीसाठी थांबायचं नसतं.

प्रसूतिगृहाचं दार दुसऱ्या आईला तुलनेने सहज उघडतं, कारण सरकारी दवाखान्यांत सोबतीला बाईमाणूसच हवं असतं. खरी अडवणूक पुढे होते. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेलं की दारावर “फक्त आई-बाबा” असं सांगतात आणि आई अजून टाके घातलेल्या अवस्थेत वरच्या मजल्यावर असते. त्यासाठी 32 व्या आठवड्याच्या सुमारास एक अधिकारपत्र तयार करा :

“मी, (पूर्ण नाव, वय, आधारचे शेवटचे चार अंक), स्वेच्छेने लिहून देते की (जोडीदारणीचं नाव) ही माझ्या उपचारांत व माझ्या बाळाच्या संगोपनात माझी सोबती आहे. माझ्या व बाळाच्या प्रकृतीची सर्व माहिती तिला द्यावी. एनआयसीयूत तिला प्रवेश द्यावा, बाळाला दूध पाजू व कांगारू पद्धतीने (छातीशी उघड्या त्वचेवर) घेऊ द्यावं. मी सही करण्याच्या स्थितीत नसल्यास बाळाच्या उपचारांबाबत तिच्याशी बोलून निर्णय घ्यावा. इतर नातेवाइकांना माहिती देण्याआधी मला किंवा तिला विचारावं.”

खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार. नोटरीची सक्ती नाही, पण शिक्का असला की रात्रपाळीला वाद कमी होतो. डॉक्टरांना आधीच्या भेटीत दाखवून “फाईलला लावलं” असं केसपेपरवर लिहून घ्या. घोटाळा बहुधा असा होतो : पत्र ओपीडीच्या फाईलमध्ये असतं आणि लेबर वॉर्डात नवी फाईल उघडते. म्हणून एक प्रत प्रसूतीच्या बॅगेत, एक जोडीदारणीच्या पर्समध्ये आणि फोटो दोघींच्या फोनमध्ये हवा. दुसरा घोटाळा म्हणजे माहेरची मंडळी येतात आणि प्रशासन त्यांचंच ऐकतं. पत्रातलं शेवटचं वाक्य त्यासाठीच आहे, ते गाळू नका.

डॉक्टर आणि सिस्टर हे वाचत असतील तर एक विनंती. “यातली खरी आई कोण?” असं विचारू नका. टाके, रक्तगट किंवा दुधासाठी माहिती हवी असेल तर “बाळंतपण कोणाचं झालं?” एवढं पुरतं. पहिल्या भेटीतच विचारा, “सोबत आलेल्या ताई कोण? बाळ त्यांना काय म्हणणार?” आणि त्यांना चालत असेल तरच ते केसपेपरवर लिहा. चालत असेल तरच, कारण ती फाईल नातेवाईकही चाळतात. एकदा नोंद झाली की दर पाळीला तेच स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. दुसरीला ‘मावशी’ करून टाकणं प्रेमाचं वाटतं, पण तिला ते लागतं.

दूध

बाळ पोटात न वाढवलेल्या आईलाही दूध येऊ शकतं. प्रसूतीच्या चार-सहा महिने आधी स्तनपान सल्लागार आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. गर्भनिरोधक गोळ्या सलग देऊन, प्रसूतीच्या सहा ते आठ आठवडे आधी त्या बंद करून पंप सुरू करतात : दर तीन तासांनी दहा-पंधरा मिनिटं, रात्री किमान एकदा. रक्ताची गुठळी किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी होऊन गेली असेल तर या गोळ्या नकोत. सोबत दूध वाढवण्यासाठी डॉम्पेरिडोन हे औषध दिलं जातं, पण त्याने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून आधी ईसीजी. मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका.

दूध बहुतेकदा थोडंच येतं, पूर्ण पोटाला पुरेल असं क्वचित. उरलेलं दूध स्तनाशेजारी चिकटवलेल्या बारीक नळीतून देता येतं. मात्र पहिले तीन-चार आठवडे प्राधान्य बाळंतिणीलाच. सुरुवातीपासून निम्म्या वेळा वाटून घेतल्या तर तिचं दूध आटतं किंवा गाठी होतात. दुसरीने पाजलं की त्या वेळेला पहिलीने पंप करायचा. गोळ्या आणि पंप यांपैकी काहीच नको असेल, तरी छातीशी उघड्या त्वचेवर धरणं दुसऱ्या आईला पहिल्या दिवसापासून जमतं. आई ऑपरेशन टेबलावर असताना ते दुसरीनेच करावं.

मन

बाळंतपणानंतरचं नैराश्य विचारलं जातं ते फक्त बाळंतिणीला, तेही विचारलं तर. रात्र-रात्र जागणारी, कागदावर कुठेच नसलेली दुसरी आईही खचते. हे नैराश्य ओळखणारी एडिनबर्ग प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे. दोघींनी सहाव्या आठवड्याला वेगवेगळी भरा. 13 किंवा जास्त गुण आले, किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार विचारणाऱ्या दहाव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मराठीतही चालतो.

मानसिक आरोग्य कायदा, 2017 इथे फार उपयोगी आहे. कलम 14 नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (मानसिक आजारात उपचारांच्या निर्णयांत साथ देणारी व्यक्ती) ठरवू शकते, आणि तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. दोघींनी एकमेकींचं नाव लिहून ठेवा. लैंगिक कलावरून भेदभाव करायला याच कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे.

दाखला आणि मृत्युपत्र

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. वडिलांचा रकाना रिकामा ठेवता येतो. 6 जुलै 2015 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा असं सांगितलं आहे. खिडकीवर अडवलं तर निकालाची प्रत पुढे करा. दुसऱ्या आईचं नाव त्या रकान्यात घुसवू नका, खोटी नोंद पुढे बाळालाच नडते. पासपोर्टला एका पालकाचं नाव पुरतं.

“बाळ जोडीदारणीला दत्तक देऊन टाका” असा सल्ला कोणी देईल. हिंदू दत्तक कायद्याने तसं केलं तर जन्मदात्या आईचं नातं तुटतं, म्हणजे एक आई मिळवताना दुसरी जाते. त्याऐवजी मृत्युपत्र करा. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार अविवाहित आई मृत्युपत्राने बाळाचा पालक नेमू शकते. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका, त्यांची देणगी रद्द होते. नोंदणी ऐच्छिक आहे, पण सासर-माहेरच्या वादाची शक्यता असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्या, तीही प्रसूतीच्या तारखेआधी, कारण नंतरचे तीन महिने घराबाहेर पडायला सवड मिळत नाही.