टर्बो बसवून ड्राइव्हट्रेन बदललेली गाडी बांधताना या चुका टाळा

कोल्हापुरात सुटा भाग बनवून घेणे ही कधीच अडचण नव्हती. शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची कामे एका हाकेच्या अंतरावर होतात, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे बीड आणि ॲल्युमिनियमचे ओतकाम कळणारी माणसेही सहज भेटतात. म्हणूनच दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स जोडायचा, आडवे असलेले इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे बसवून ताकद मागच्या चाकांना द्यायची आणि वर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) चढवायचा, असा बेत इथे कोणाला अशक्य वाटत नाही. अशा गाड्या अडतात त्या बहुतेक वेळा भाग चुकीचा बनल्यामुळे नव्हे, तर बनलेला भाग जागेवर बसवल्यानंतर मोजून न पाहिल्यामुळे अडतात. बोल्ट बसले म्हणजे काम झाले, असे समजून गाडी पुढे नेली जाते. मग दोष एका जागी राहतो, आवाज दुसऱ्या जागी येतो आणि खर्च तिसऱ्याच भागावर होतो.

मोजमापाकडे वळण्याआधी कागदपत्रांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत दिलेला तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे येथे वर्णन केलेली गाडी बंद ट्रॅकसाठीच बांधावी, आणि हा निर्णय इंजिन खरेदी करण्यापूर्वीच घ्यावा. एमएच ०९ ची पाटी लावून ती पन्हाळ्याच्या घाटात चालवण्याचा विचार मनात असेल, तर बांधणीला सुरुवातच करू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक अडॅप्टर प्लेटची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या मधल्या प्लेटची आहे. एका कंपनीच्या इंजिनाला दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स जोडताना बोल्टची भोके जुळवून प्लेट कापली जाते, परंतु क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आले की नाही, हे भोके जुळल्याने सिद्ध होत नाही. बोल्ट हे फक्त आवळण्यासाठी असतात. जागा निश्चित करण्याचे काम डॉवेल पिनांचे, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खुंट्यांचे असते. तपासण्याची पद्धत सोपी आहे. गिअरबॉक्स बाजूला ठेवून अडॅप्टर प्लेट आणि मोकळे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे घंटेच्या आकाराचे कवच) इंजिनाला आवळावे, डायल गेजचा स्टँड फ्लायव्हीलवर पक्का बसवावा, गेजची टोकणी बेलहाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवावी आणि क्रँक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा. काटा जेवढा हलेल त्याच्या निम्मा फरक दोन मध्यांमध्ये असतो. काट्याची एकूण हालचाल ०.१३ मिमीच्या आत असावी. ती जास्त असेल तर विक्षेपित (मध्य थोडा सरकवलेले) डॉवेल बसवून दुरुस्त करावी, भोके कानसून मोठी करू नयेत. त्यानंतर हीच टोकणी बेलहाउसिंगच्या सपाट तोंडावर टेकवून तोंड तिरके नाही ना, हेही पाहावे. प्लेटवर वेल्डिंग झाले असेल तर दोन्ही मापे वेल्डिंगनंतर घ्यावीत, कारण उष्णतेने प्लेट ओढली जाते.

हे माप चुकले असेल तर लक्षणे फसवी असतात. क्लच पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडतो, तेव्हा दोष क्लच प्लेटला दिला जातो. नवी प्लेट बसवल्यावर काही दिवस बरे वाटते आणि मग तिचा मधला हब तडकतो. इनपुट शाफ्टचे बेअरिंग पुन्हा पुन्हा आवाज करते, किंवा जोर लावताना गिअर आपोआप निसटतो, आणि मिस्त्री गिअरबॉक्स उघडून बसतात. दुसऱ्यांदा तोच भाग बदलण्याची वेळ आली तर गिअरबॉक्स न उघडता आधी डायल गेज लावावा. याच टप्प्यावर प्लेटच्या जाडीचाही हिशेब करावा, कारण प्लेट जितकी जाड तितके इनपुट शाफ्टचे टोक क्रँकच्या टोकातील पायलट बेअरिंगमधून मागे सरते आणि त्याला पुरेसा आधार उरत नाही.

प्रॉपेलर शाफ्टच्या बाबतीत मोजायची गोष्ट म्हणजे कोन. शाफ्ट तिरका असेल तर एका क्रॉसमधून (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) जाणारी गती एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते; दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात, उलट दिशेने असला तरच हा चढउतार रद्द होतो. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्टची ताकद आत घेणारा लहान गिअर) एकमेकांना समांतर ठेवावेत, दोन्ही क्रॉसवरचे कोन एका अंशाच्या आत सारखे असावेत आणि शक्यतो ३ अंशांपेक्षा जास्त नसावेत. कोन शून्यही ठेवू नये, कारण मग क्रॉसच्या सुया एकाच जागी राहून कपात खाचा पाडतात. मागे पाट्याचे स्प्रिंग असतील तर जोर लागल्यावर पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवावे. ठराविक वेगाला येणारी थरथर बॅलन्सिंग करूनही जात नसेल, तर जॅकवर लटकवलेल्या नव्हे, चाकांवर उभ्या असलेल्या गाडीत हे कोन पुन्हा मोजावेत.

टर्बोमधून तेल येते म्हणून नवा टर्बो घेणाऱ्यांनी आधी तेलाची परतीची नळी पाहावी. टर्बोला तेल दाबाने मिळते, परंतु तिथून बाहेर पडताना ते फेसाळलेले असते आणि केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. नळी आतून बारीक असेल, मध्येच झोळ पडला असेल किंवा तिचे टोक संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीखाली असेल, तर तेल टर्बोत तुंबते, चांगल्या सीलमधूनही बाहेर पडते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. साधारण १५ मिमी आतील व्यासाची, सरळ उतरती नळी पातळीच्या वर जोडावी. तरीही धूर राहिला तर इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) तपासावा, कारण क्रँककेसमध्ये दाब साचला तरी हेच घडते.

बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, किती ठेवावा याविषयी उत्साहापेक्षा हिशेब ऐकावा. ३५ अंश तापमानाची हवा ०.८ बार बूस्टने दाबली, आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर इंटरकूलरच्या (ही हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आधी ती सुमारे १२० अंशांवर पोहोचते. इंटरकूलर रेडिएटरच्या मागे, गरम हवेत बसवला तर त्याचा उपयोग फार थोडा होतो आणि नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, सुरू होते. हे नॉकिंग एक्झॉस्टच्या गोंगाटात कानाला ऐकू येत नाही. पिस्टनच्या कडा वितळू लागल्यावरच कळते.

इंधनाचे गणितही आता बदलले आहे. ऊस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात इथेनॉलविषयी वेगळे सांगायला नको. मात्र पंपावरचे पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) असेल तर १४.७ ऐवजी सुमारे १३.५ हे हवा-इंधन प्रमाण योग्य ठरते, म्हणजे ईसीयूमधल्या (इंजिनाच्या संगणकातल्या) इंधनाच्या जुन्या तक्त्यावर गाडी साधारण ८ टक्के कोरडी, म्हणजे कमी इंधनावर चालते. म्हणून ट्यूनिंग लॅम्डा मूल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष आणि योग्य हवा-इंधन प्रमाणाच्या गुणोत्तरावर करावे. इंजेक्टर ८० टक्के ड्यूटीच्या (उघडे राहण्याच्या वेळेच्या) पलीकडे नेऊ नयेत. २०० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर टर्बो इंजिनाला प्रत्येकी सुमारे ४०० सीसी प्रतिमिनिट क्षमतेचे इंजेक्टर लागतात. मूळचा मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबाच्या थोडाच पुढे मोजतो, तो बदलल्याशिवाय ईसीयूला बूस्ट दिसतच नाही. बूस्टवर गाडी मिसफायर होऊन अडखळत असेल, तर कॉइल बदलण्यापूर्वी प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी करून पाहावी.

ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीतील एकदिशा व्हॉल्व्ह नवा असावा. तो गळका असेल तर बूस्टचा दाब थेट ब्रेक बूस्टरमध्ये शिरतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

पहिली चाचणी वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे सर्वांत कमी बूस्टवर घ्यावी आणि लॅम्डा, तेलाचा दाब व आत जाणाऱ्या हवेचे तापमान यांची नोंद ठेवावी. लहान ट्रॅकवर बूस्ट काही क्षणच टिकतो, त्यामुळे तिथे थंड राहिलेली गाडी लांब सरळ पट्ट्यावर तशीच थंड राहील असे धरून चालू नये. प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसजवळ शाफ्टभोवती पोलादी पट्टीचे सुरक्षा कडे चाचणीपूर्वीच बसवावे, कारण तो क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक जमिनीत रुतून गाडी उलटू शकते. परत आल्यावर इंजिन गार होऊ द्यावे आणि फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून त्यांवर रंगाची खूण करावी, म्हणजे पुढच्या वेळी एखादा बोल्ट फिरला असेल तर तो नजरेलाच दिसेल.