पाळकसाहेब, अमेरिकेतल्या दवाखान्यात कामाला येताय?

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मी सोलापुरात असलो की तरुण पाळक हमखास घरी येतात. प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, तिकडे अमेरिकेत मंडळी मिळेल का?" मंडळी, म्हणजे सांभाळायला चर्च, मिळेलही, पण तिकडची मराठी मंडळी बहुधा लहान असते आणि नुसत्या रविवारच्या उपासनेवर घर चालत नाही. म्हणून आमच्यातले बरेच जण आठवडाभर रुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे पाळक, असतात. त्या कामाबद्दल एकदाच सविस्तर लिहितो.

आधी कागदपत्रं, कारण ती सोलापुरात असतानाच नीट जमतात. बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकपदाच्या दीक्षेचा दाखला आणि तुम्ही कोणत्या सालापासून मंडळीचे सभासद आहात याचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. धार्मिक कामाच्या आर-१ व्हिसासाठी अर्जाच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं त्याच पंथाचं सभासदत्व दाखवावं लागतं. आपल्याकडे रजिस्टर असतं, पण ते कुणाच्या तरी कपाटात असतं आणि किल्लीवाला नेमका लग्नाला गेलेला असतो. हा व्हिसा आधी जास्तीत जास्त ३० महिन्यांचा आणि वाढवून एकूण ५ वर्षांचा मिळतो. जोडीदाराला मिळणाऱ्या आर-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे निघण्याआधी घरात स्पष्ट बोला. ज्या चर्चने अर्ज केला त्याचंच काम या व्हिसावर करायचं असतं. रुग्णालयातली पगारी जागा घेण्याआधी वकिलाला विचारा, ओळखीतल्या जाणकाराला नको.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना एक जुना धागा उपयोगी पडतो. सोलापुरात काम केलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले होते. त्या परंपरेचं तिकडचं चर्च १९५७ पासून युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट आहे, तर इकडे १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. अर्जात हे नातं जरूर लिहा. त्यावर कुणी पायघड्या घालणार नाही, पण ओळख पटायला सोपं जातं.

आता खरं काम. चॅप्लेनला वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, त्याला सगळे सीपीई (क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन) म्हणतात. १९२५ साली अँटन बॉइसेन या पाळकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन बसवलं, तिथून ही पद्धत रुजली. ते स्वतः मनोविकाराने रुग्णालयात राहून आले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. चॅप्लेनना प्रमाणित करणाऱ्या बोर्डाच्या प्रमाणपत्राला अशी चार युनिटं, पदव्युत्तर धर्मशिक्षण आणि आपल्या पंथाचं अनुमोदन लागतं. सेरामपूरची बी. डी. ही धर्मशास्त्राची पदवी असली तरी तिचं तिकडच्या नियमांनुसार मूल्यांकन करून घ्या.

या शिक्षणात रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दन् शब्द लिहायचं आणि गटासमोर वाचायचं असतं. गटात ज्यू असतो, मुस्लिम असतो, देव न मानणाराही असतो. शिकवणारी बाई तुमच्यापेक्षा वयाने लहान असेल आणि तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारेल. ती विचारते, "इथे तू प्रार्थना केलीस. ती त्यांना हवी होती की तुला?" 'पाळकसाहेब' ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे झोंबतं. झोंबू द्या. माझ्या मते सगळ्या शिक्षणात हाच तास सर्वांत मोलाचा.

सिव्हिलमध्ये आपण वॉर्डात शिरलो की एका खाटेवर प्रार्थना करताना शेजारच्या खाटेचे नातेवाईकही हात जोडतात. तिकडे खोलीचं दार बंद असतं. टकटक करायची, नाव सांगायचं, येऊ का म्हणून विचारायचं. रुग्ण नको म्हणाला तर आभार मानून निघायचं. औषध आणि सुई नाकारणं ज्याला जड जातं अशा माणसाला निदान तुम्हाला तरी नाकारता येतं, हेही त्याला बरं वाटतं. धर्मप्रसार तर आचारसंहितेतच बसत नाही. ज्यांना तो सोडवणार नाही त्यांनी मंडळीचंच काम धरावं, त्यात कमीपणा काही नाही.

रविवारी वेदीवरून "अमक्या ताई अॅडमिट आहेत, प्रार्थना करा" असं आपण सहज सांगतो. तिकडे रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावणारा १९९६ चा हिपा कायदा आहे. रुग्णालयात कळलेलं नाव आणि आजार मंडळीत, व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना-गटात, घरी बायकोजवळसुद्धा काढायचं नाही.

सोलापूरकरांकडे मात्र एक भांडवल आहे, ते म्हणजे कान. पूर्व भागात वाढलेल्याला तेलुगू कळतं, अक्कलकोटकडच्याला कन्नड, आणि दखनी तर सगळ्यांनाच. तिकडे मुलाकडे आलेल्या तेलुगू आजीबाईंना "तिन्नारा?" म्हणून जेवणाचं विचारलंत, तर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली आजी वळून बघेल. पण डॉक्टरांचं बोलणं तुम्ही भाषांतर करून सांगू नका. त्याला रुग्णालयाचा दुभाषी असतो, फोनवर का होईना. संमतीच्या कागदावर एक शब्द चुकला तर फार महागात पडतं.

मृत्यूच्या वेळी आपली माणसं गोंधळतात, तेव्हा पुढचं नीट माहीत असू द्या. पार्थिव सहसा थेट घरी नेत नाहीत, फ्युनरल होमचं, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेचं, नाव द्यावं लागतं. दहनाला परवाना लागतो आणि बऱ्याच राज्यांत २४ ते ४८ तास थांबावं लागतं. "आजच सूर्यास्ताआधी" म्हणणाऱ्या मुलाला हे हळू आवाजात सांगायचं काम बहुधा तुमच्याकडेच येतं. अवयवदानाचा विषय मात्र आपण होऊन काढू नका, त्यासाठी प्रशिक्षित माणसं नेमलेली असतात.

रात्रपाळीला एकटा चॅप्लेन इमारतभर फिरतो आणि कँटीन बंद असतं. सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी टाकाच, दोन्ही टिकतात. चटणीचा डबा नर्सच्या खोलीत उघडा ठेवलात तर ओळखी लवकर होतात.