लिंक अप, पण वेग कासवाचा: स्विच पोर्टच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

पोर्टचा दिवा हिरवा, पिंगला (संपर्क तपासायच्या छोट्या पॅकेटला) उत्तर येतंय, पण मोठी फाईल कॉपी करायला घेतली की सगळं अडखळतं. अशी तक्रार आली की सर्व्हरवर संशय घेण्याआधी दोन्ही टोकांचं डुप्लेक्स बघा: फुल म्हणजे पाठवणं-घेणं एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने. बऱ्याचदा कुणीतरी एका बाजूला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स फिक्स केलेलं असतं आणि दुसरी बाजू ऑटोवरच राहिलेली असते.

वेग आणि डुप्लेक्स फिक्स केले की बहुतेक स्विच त्या पोर्टवर ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग आणि डुप्लेक्स ठरवणं) बंदच करतात. समोरचं ऑटोवरचं उपकरण सिग्नलवरून वेग ओळखतं, पण डुप्लेक्स त्याला कळत नाही; मग ते नियमाप्रमाणे हाफ धरतं. आता एक बाजू हवं तेव्हा पाठवते आणि दुसरी लाइन मोकळी व्हायची वाट बघते. मध्येच समोरून काही आलं की टक्कर झाली समजून ती आपली फ्रेम अर्धवट सोडते. पिंगची तुरळक पॅकेट निभावून जातात, ट्रॅफिक वाढला की पितळ उघडं पडतं. पोर्टचे एरर काउंटर क्लिअर करून पुन्हा बघा: हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) आणि फुलच्या बाजूला सीआरसी एरर (बिघडलेल्या फ्रेम) व रंट (तुटक्या, तोकड्या फ्रेम) वाढत असतील, तर दुखणं हेच. नुसते सीआरसी वाढत असतील तर केबल आणि कनेक्टर तपासा.

‘ऑटोवर भरवसा नाही, फिक्सच करा’ ही सवय १९९० च्या दशकातली. तेव्हा तिला कारण होतं, आज नाही. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचं आहे, कारण मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण (कुणाच्या क्लॉकवर दुसऱ्याने चालायचं) हे त्यातच ठरतं. वेग मर्यादित ठेवायचाच असेल तर ऑटो चालू ठेवून फक्त हवा तो वेग जाहीर करा. फिक्स करण्यावाचून इलाजच नसेल, तर दोन्ही टोकांना सारखंच करा.

गिगाबिट पोर्ट १०० वर आला की तो १०० वर फिक्स करून मोकळं होणारेही भेटतात. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणजे क्रिंपिंग (तारांवर कनेक्टर नीट बसलाय का) बघायचं सोडून आपण बिघाडावर पांघरूण घातलं.

फायबरवर गिगाबिट लिंक एका टोकाला अप आणि दुसऱ्या टोकाला डाउन दिसली, तर एका बाजूचं निगोशिएशन बंद आहे का ते आधी बघा. १० गिगच्या पोर्टमध्ये १ गिगचं मॉड्यूल घातलं असेल तर अनेक स्विचवर वेग हाताने द्यावा लागतो. केबल लावल्यावर ३० सेकंद काहीच चालत नसेल, तर तो स्पॅनिंग ट्रीचा (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलचा) विलंब. तिथे वेगाशी खेळू नका. आणि पोर्ट एरर-डिसेबल झाला, म्हणजे गडबड दिसल्यामुळे स्विचनेच तो बंद केला, तर कारण न बघता शट, नो शट (बंद-चालू) करत बसू नका.

एक मात्र जपा. अपलिंकची (दोन स्विचना जोडणाऱ्या लिंकची) सेटिंग दुरून बदलत असाल तर आधी पलीकडच्या स्विचची बदला, मग अलीकडची. उलटं केलंत आणि लिंक पडली, तर कन्सोल केबल घेऊन तिथे जावं लागेल.