लाकडी हौद्याचा टाटा ट्रक : १:२४ प्रमाणात घरच्या घरी कसा बांधावा

इटालेरी, रेव्हेल अशा कंपन्यांचे १:२४ प्रमाणातले ट्रकचे संच हौशी लोक आवडीने जोडतात; मात्र त्यांत प्रामुख्याने स्कॅनिया, व्होल्व्हो, मर्सिडीज असे युरोपीय ट्रॅक्टर (मागे ट्रेलर जोडून ओढणारे ट्रक) असतात. पुढे नाक आलेली केबिन, मागे फळ्यांचा हौदा आणि फाळक्यावर रंगवलेली कमळे असा आपल्या हायवेवरचा ट्रक हवा असेल, तर पीव्हीसी फोमचा सनबोर्ड, लाकडी काड्या आणि तार घेऊन तो स्वतःच बांधावा लागतो. त्यासाठी मोडत्या पात्याचा कटर, पोलादी पट्टी, गुण्या, चिमटा, बारीक कानशी, वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि चाकांसाठी ड्रिल मशिन एवढी हत्यारे पुरतात.

सनबोर्डला कटर लावण्यापूर्वी गाडीचा धंदा ठरवावा, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावरून सुटतात. लासलगावहून कांदा भरून निघणाऱ्या गाडीला उंच हौदा, ताडपत्री आणि दोर लागतात. कोकणात जांभा चिरा वाहणाऱ्या गाडीच्या फळ्या आतून ठेचलेल्या असतात आणि तिच्या चाकांवर लाल माती असते, तर क्रशरवर खडी भरणारी गाडी टपापर्यंत राखाडी दिसते. धंद्याबरोबर काळही ठरवावा. टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ या काळात होता. त्यामुळे त्या वर्षांतल्या गाडीच्या तोंडावर तीन टोकांचा तारा शोभतो, नंतरच्या गाडीवर टाटांचा ‘टी’ हवा. येथे नमुन्यादाखल कांद्याची १२१० एसई ही गाडी धरली आहे.

मापे शक्यतो खऱ्या गाडीवरूनच घ्यावीत. ट्रान्सपोर्ट नगरात किंवा एखाद्या बॉडी बिल्डरच्या आवारात चालकाची परवानगी घेऊन टेप लावल्यास तासाभरात पुरेशी मापे मिळतात. सरळ समोरून, सरळ बाजूने आणि मोबाइल जमिनीलगत धरून खालच्या बाजूने फोटोही काढावेत. टाटांच्या मॉडेलच्या नावात तिरप्या रेषेनंतर येणारा आकडा पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर सुचवतो. १२१० एसई/४२ या गाडीत ते अंतर ४२२५ मिलिमीटर आहे, म्हणजे २४ ने भागल्यावर १७६ मिलिमीटर. आठ फुटी रुंदी सुमारे १०२ मिलिमीटर होते आणि सतरा फुटी हौदा २१६ मिलिमीटर. सगळी मापे आधी भागून कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढावा आणि प्रत्येक सुटा भाग त्यावर ठेवून तपासावा. नमुन्यातला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीतले २४ मिलिमीटर, हे सतत ध्यानात ठेवावे. दाराची कड, आरशाची दांडी आणि मडगार्डची पत्री हमखास जाड होतात ती या हिशोबाकडे दुर्लक्ष झाल्याने.

सर्वांत जास्त वेळ चाकांना द्यावा, कारण पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते आणि बाकी काम कितीही सुबक असले तरी चुकीची चाके गाडीला खेळण्याची कळा आणतात. ९.००-२० मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे १०२० मिलिमीटर आणि रुंदी सुमारे २६० मिलिमीटर असते. नमुन्यात हे साडेबेचाळीस आणि अकरा मिलिमीटर होतात. तीन मिलिमीटर जाडीच्या तीन आणि दोन मिलिमीटर जाडीची एक अशा सनबोर्डच्या चकत्या एकमेकींवर चिकटवाव्यात, मधोमध भोक पाडून त्यातून नट-बोल्ट घालावा, तो ड्रिल मशिनमध्ये पकडून मंद गतीने फिरवावा आणि पॉलिश पेपर लावून टायरचे खांदे गोल करावेत. या कामात भुकटी फार उडते, म्हणून मास्क आणि चष्मा आवश्यक आहे. नक्षीत फरक ठेवावा : पुढच्या टायरवर परिघाला समांतर धावणाऱ्या रेघा, मागच्या टायरवर आडवे जाड ठोकळे. असे दोन्ही प्रकारचे एकेक उत्तम चाक तयार झाले की सिलिकॉनचा साचा करून बाकीची रेझिनमध्ये ओतून घ्यावीत. मागच्या जोडचाकांसह सहा आणि स्टेपनीचे एक, अशी सात चाके लागतात. रिमची तबकडी पुढच्या चाकात बाहेर फुगलेली आणि मागच्या बाहेरील चाकात आत खोल गेलेली असते. एकाच जातीचे रिम उलटसुलट बसवल्याने हा फरक पडतो, आणि नमुन्यात नेमका तोच बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

चॅसिस म्हणजे इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या छेदाचे दोन लांब गर्डर आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. पातळ प्लास्टिक शीटच्या तीन पट्ट्या जोडून हा छेद सहज साधतो. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, करताना प्रत्येक पट्टी वेगळी कापून, खाली जाताना लांबी कमी करत रचावी. एकाच ठोकळ्यावर रेघा ओढून पाट्यांचा आभास करता येतो, पण तो आभासच राहतो. डिझेल टाकी, बॅटरीची पेटी, हवेची टाकी, सायलेन्सर आणि जॉइंट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) फोटो समोर ठेवून त्यांच्या जागी बसवावेत. भर लादलेली गाडी दाखवायची असेल तर मागच्या पाट्यांची कमान जवळजवळ सपाट करावी. हे आताच ठरवले पाहिजे, कारण नंतर गाडी ‘बसवता’ येत नाही.

सनबोर्डला फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद चालतो. फेव्हिकॉल लाकूड आणि कागदासाठी ठेवावा. सांध्यातली फट खायच्या सोड्याची चिमूट टाकून वर गोंदाचा थेंब सोडल्यास तत्काळ भरते आणि घासताही येते. काचांच्या जवळ मात्र हा गोंद नेऊ नये, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक शीटवर पांढरी झाक धरते. काचा फेव्हिकॉलच्या बारीक रेघेवर बसवाव्यात आणि तेही केबिन रंगवून झाल्यावर.

हौद्यासाठी कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या उत्तम. त्यांची जाडी आणि रुंदी या प्रमाणात खऱ्या फळीच्या जवळ जाते; आइस्क्रीमची काडी तिथे ओंडक्यासारखी दिसते. फळ्यांमध्ये केसाएवढी फट ठेवावी आणि बाहेरून उभ्या लोखंडी पट्ट्या म्हणून काळ्या कार्डशीटच्या चिंचोळ्या पट्ट्या लावाव्यात. फाळक्याच्या साखळ्या इमिटेशन दागिन्यांच्या दुकानातल्या सर्वांत बारीक साखळीतून मिळतात.

रंगाआधी राखाडी प्रायमरचा पातळ हात द्यावा. घासण्यातल्या सगळ्या चुका त्यावर उघड्या पडतात. नॅशनल परमिटची गाडी असेल तर हौद्याला वाळक्या पानाचा तपकिरी रंग आणि पांढरी किनार हवी. डबीतला रंग लहान आकारावर गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारल्यास रंगावर दुधी झाक येते. घाई नसेल तर ऊन पडेपर्यंत थांबावे.

अक्षरे हाताने रंगवणे हेच उत्तम, परंतु सहा इंची अक्षर येथे जेमतेम सहा मिलिमीटर उंच भरते. ‘हॉर्न ओके प्लीज’, चालकाच्या मुलांची नावे किंवा ‘आईचा आशीर्वाद’ पाण्याने सुटणाऱ्या डिकल कागदावर छापता येतात. इंकजेटची छपाई असेल तर पाण्यात टाकण्यापूर्वी तिच्यावर वॉर्निशचा फवारा मारावा, अन्यथा शाई वाहून जाते. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, म्हणून पांढऱ्या अक्षरांसाठी पांढरा डिकल कागद घेऊन भोवतीची पार्श्वभूमी रंगीत छापावी. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी घातली; तेव्हा त्यानंतरच्या काळातील गाडीवर ते लिहायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते लिहावे, कारण बंदीनंतरही ते रस्त्यावर दिसत राहिले. नंबर प्लेट पिवळी, काळ्या अक्षरांची. ३४० गुणिले २०० मिलिमीटरची पाटी नमुन्यात १४ गुणिले ८ मिलिमीटर होते.

मळकेपणा आणताना हात आवरावा. ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून फळ्यांच्या फटीत, बिजागऱ्यांभोवती आणि जाळीत सोडावा आणि जास्तीचा लगेच टिपून घ्यावा. टाकीच्या झाकणाखाली डिझेलचा चमकदार ओघळ, हबभोवती ग्रीसचा काळपटपणा, चालकाचा पाय पडतो त्या पायरीवर उघडे पडलेले लोखंड. प्रत्येक डागाला कारण असावे. धूळ म्हणून सुक्या पेस्टलची भुकटी मऊ ब्रशने खालून वर विरळ होत जाईल अशी लावावी. कांद्याच्या गाडीला नाशिककडच्या मातीची करडी-तपकिरी छटा योग्य दिसते. कोकणाचा लाल रंग तिला लावू नये.

ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून गोण्यांच्या ढिगावर अंथरावा आणि ओला असतानाच वरून शिवणकामाच्या जाड दोऱ्याचे दोर आवळावेत, म्हणजे दोरांखाली खऱ्यासारखे खळगे पडतात. वाळल्यावर रंग द्यावा आणि संपूर्ण गाडीवर मॅट वॉर्निशचा हात फिरवावा. काचा तेवढ्या चिकटपट्टीने झाकाव्यात. आरसे, लोकरीचे काळे गोंडे आणि बंपरखालची लिंबू-मिरची वॉर्निश पूर्ण वाळल्यावरच बसवावी. हे नाजूक तुकडे आधी लावल्यास हाताळताना हमखास तुटतात आणि गोंड्यांची लोकर वॉर्निशने कडक होते.