मुलाच्या लघवीत प्रोटीन आलं? आधी सकाळचा नमुना नीट घ्या

शाळेच्या तपासणीत किंवा तापात केलेल्या लघवीच्या रिपोर्टवर ‘प्रोटीन १+’ दिसलं की आईबाबांची झोप उडते. घाबरू नका, पण रिपोर्ट फाईलला लावून विसरूही नका. निरोगी मुलांच्या लघवीतही थोडं प्रोटीन असतंच. त्यातलं बरंचसं असतं युरोमॉड्युलिन, जे किडनी स्वतःच तयार करते. ताप आला, दमछाक होईपर्यंत खेळ झाला की प्रोटीन तात्पुरतं वाढतं. वयात येणाऱ्या मुलांत आणखी एक प्रकार बऱ्याचदा दिसतो: दिवसा उभं असताना, हिंडताना प्रोटीन जातं आणि रात्री आडवं झालं की थांबतं. हा प्रकार सहसा निरुपद्रवी असतो. म्हणूनच सगळी मदार सकाळच्या पहिल्या लघवीवर.

लॅबमधून डबी आदल्या दिवशीच आणून ठेवा. त्या दिवशी मॅच किंवा जोरदार सराव नको. ताप असेल, मुलीची पाळी चालू असेल तर तपासणी पुढे ढकला. झोपण्याच्या अगदी आधी मुलाला लघवीला पाठवा. ही पायरी हमखास राहून जाते, आणि मग सकाळच्या नमुन्यात संध्याकाळची लघवी मिसळते. सकाळी उठल्याउठल्या, घरात फिरण्याआधी नमुना घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार डबीत धरायची. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

लॅबला ‘प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो’ करायला सांगा, म्हणजे लघवीतलं प्रोटीन भागिले क्रिएटिनिन हा लघवीतून जाणारा टाकाऊ पदार्थ. नुसती लघवीत बुडवून रंग बघायची पट्टी नको. पट्टी लघवी किती दाट आहे त्यावर फसते. समजा प्रोटीन ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. पट्टीवर हे १+ दिसेल. पण मूल पाणी कमी प्यायलं होतं आणि क्रिएटिनिन २०० निघालं, तर ३० भागिले २०० म्हणजे ०.१५. दोन वर्षांवरच्या मुलांत ०.२ पेक्षा कमी आकडा नॉर्मल. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांत ही मर्यादा ०.५ असते. रिपोर्टवरचं एकक मात्र जरूर बघा: काही लॅब मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये देतात, तिथे ०.२ चेच २०० होतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे अगदी हडकुळ्या मुलाचा रेशो आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

सकाळच्या नमुन्यातही आकडा पुन्हा जास्तच आला, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्तदाबही मोजून घ्या. गरज वाटली तर ते दोन वेगळे मार्कर, म्हणजे बिघाड कुठे आहे ते सुचवणारी प्रोटीनं, बघतात. अल्ब्युमिन वाढलं की संशय किडनीच्या गाळणीवर जातो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखी छोटी प्रोटीनं वाढली की गाळणीच्या पुढच्या बारीक नळ्यांवर.

सकाळी डोळ्यांभोवती सूज, पाय किंवा पोट फुगणं, लघवी फेसाळ किंवा लालसर होणं, तिचं प्रमाण घटणं, यातलं काहीही दिसलं तर नमुन्याच्या तयारीत वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.