इनव्हर्नेसहून स्कायपर्यंत: गाइडसोबतच्या एका दिवसाची तयारी

सकाळी स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसहून निघायचं, लॉख नेस सरोवराच्या काठाने ग्लेन शील दरीच्या डोंगरांत शिरायचं, आयलन डोनन किल्ला बघून पुलावरून स्काय बेटावर उतरायचं आणि रात्री मुक्कामी परत. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. दिवसाचे बहुतेक तास बसमध्ये जातात. पाय जमिनीला लागतात तो वेळ थोडा असतो, कुठे पंधरा मिनिटं, कुठे तासभर. त्यामुळे तयारी करायची ती त्या थोड्या वेळासाठी. बस थांबल्यावर जाकीट शोधण्यात, बूट बदलण्यात किंवा ‘हे नक्की काय आहे’ असं विचारण्यात तो वेळ जाऊ नये.

पहिलं काम म्हणजे निघण्याचं ठिकाण ठरवणं. एडिंबराहून एका दिवसात स्काय करून आणू, असं कुणी म्हणत असेल तर तिकडे वळू नका. त्यात खिडकीतून डोंगर दिसतात आणि अंग आंबून जातं. एडिंबराहून इनव्हर्नेसला रेल्वेने साधारण साडेतीन तासांत पोचता येतं. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. बुकिंग करण्याआधी कार्यक्रम शब्दन् शब्द वाचा. ‘फोटो स्टॉप’ लिहिलं असेल तर किल्ला रस्त्यावरूनच बघायचा आहे असं समजा. आत जायचं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. किल्ल्याचं तिकीट सहलीच्या दरात धरलंय की वेगळं काढायचं, तेही तिथेच कळतं. वाटेत लॉख नेसकाठी अर्कर्टचा किल्ला लागतो, त्याचं तिकीट वेगळं असेल तर आधी ऑनलाइन काढून ठेवा. हिवाळ्यात किल्ल्यांच्या वेळा बदलतात, काही बंदही असतात. लहान मूल सोबत असेल तर वयाची अट बघा, कारण पाच वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. मोठ्या बसपेक्षा सोळा-एक जणांची मिनीबस मला केव्हाही बरी वाटते. चढण्या-उतरण्यात वेळ जात नाही आणि गाइडशी बोलता येतं. मात्र त्या गाडीत स्वच्छतागृह नसतं, म्हणून प्रत्येक थांब्यावर गरज असो-नसो जाऊन यायचं.

महिना निवडता येत असेल तर मे किंवा सप्टेंबर घ्या. जूनमध्ये इनव्हर्नेसला रात्री दहा वाजून गेले तरी सूर्य मावळलेला नसतो. डिसेंबरमध्ये साडेतीनलाच अंधारायला लागतं आणि परतीचा सगळा रस्ता काळोखात जातो. ऑगस्टमध्ये डोंगरांवर हेदरची झुडपं फुलून उतार जांभळे दिसतात, पण तेव्हा गर्दीही असते आणि मिजही. मिज म्हणजे अगदी बारीक चावरी चिलटं. वारा पडला आणि आभाळ भरलं की ती थव्याने येतात, केसांत आणि कानांत शिरतात. वारं सुटलं की नाहीशी होतात. त्यांच्यासाठीचं मलम किंवा स्प्रे तिथल्या औषधांच्या दुकानात मिळतो. तो तिथूनच घ्या आणि गाडीतून उतरण्याआधी लावा. गवतात फिरून आलात तर संध्याकाळी मुलांच्या पायांवर, गुडघ्यांमागे गोचीड चिकटली नाही ना ते बघा. त्या गोचिडींमधून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून याचा कंटाळा करू नका.

आता कपडे. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण हवामानाच्या ॲपमध्ये चौदा अंश बघून आपण एक जाड स्वेटर टाकतो आणि निघतो. तिथला पाऊस आपल्या आषाढासारखा धो-धो कोसळत नाही. तो बारीक असतो, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि दहा मिनिटांत थांबून ऊन पडतं. मग पुन्हा येतो. छत्री पहिल्याच झोतात उलटी होते, तेव्हा ती खोलीवरच राहू द्या. टोपी जोडलेलं, खरोखर पाणी न शिरणारं जाकीट हवं. नुसतं विंडचीटर पुरत नाही. आत एक पातळ थर्मल आणि त्यावर फ्लीस, म्हणजे ऊन पडल्यावर मधला थर काढता येतो. जीन्स नको. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या गार पडतात. साधी, पटकन वाळणारी पँट घाला. आई किंवा सासूबाई साडीच नेसणार असतील तर आत थर्मलची पँट, पायात मोजे आणि सपाट, घट्ट बसणारे बूट असावेत. चपला-सँडल नकोतच, कारण किल्ल्यातले दगड ओले आणि गुळगुळीत असतात. बाबांची माकडटोपी आणायला लाजू नका. आयलन डोननच्या पुलावर वारा कानात शिरतो तेव्हा तिचं मोल कळतं. मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये टाका. गॉगलही घ्या, पाऊस थांबला की सूर्य सरळ डोळ्यांवर येतो. हे सगळं मांडीजवळच्या छोट्या सॅकमध्ये हवं, बसच्या डिकीत नको.

औषधं रोजच्या डोसपेक्षा एका दिवसाची जास्त घ्या. ग्लेन शीलमधून जाताना दवाखाना लांब असतो आणि मोबाइलची रेंजही जाते. आणीबाणीला ९९९ हा क्रमांक सगळ्यांना पाठ असू द्या. रस्ता वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवाव्यात, त्या मळमळ धरून ठेवतात असा माझा अनुभव आहे. प्रवास विम्याचा क्रमांक आणि पासपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा. ब्रिटनचा व्हिसा स्कॉटलंडलाही चालतो, वेगळं काही लागत नाही. नकाशा आदल्या रात्री फोनवर उतरवून घ्या. भारतातला चार्जर तिथल्या चौकोनी तीन पिनांच्या प्लगमध्ये बसत नाही, म्हणून ॲडॅप्टर आणि पॉवर बँक दोन्ही हवं. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. थोडी नाणी आणि नोटा मात्र असाव्यात. स्कॉटलंडमधल्या तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात. त्या सुट्टे म्हणून हातात आल्या तर तिथेच खर्चून टाका, भारतात त्या बदलून मिळणं अवघड जातं.

खाण्याचं आदल्या संध्याकाळीच ठरवा. बस साधारण आठ-साडेआठला निघते आणि बऱ्याच छोट्या हॉटेलांत नाश्ता त्याच सुमाराला सुरू होतो. लवकर हवा असेल तर रात्रीच सांगून ठेवा. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून खवा, पेढे, तूप आणायचं नाही. तेलावर भाजलेले धपाटे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भडंग, चिक्की हे बसमधल्या दिवसाला चांगलं पुरतं. गरम, वासाचं काही गाडीत उघडू नका, बहुतेक गाड्यांत त्याला मनाई असते. दुपारचा मोठा थांबा स्कायवरच्या पोर्ट्री गावात असतो. उन्हाळ्यात तिथे टेबलासाठी रांग लावली तर अख्खा तास रांगेतच जातो. इनव्हर्नेसच्या सुपरमार्केटमधून सँडविच आणि फळं घेऊन ठेवा आणि पोर्ट्रीच्या बंदरावर, रंगीत घरांसमोर बसून खा. हॅगिस हा मेंढीच्या काळीज-यकृताचा तिथला पदार्थ; तो चाखायचा असेल तर ओट्स आणि डाळींचं शाकाहारी हॅगिसही मिळतं. कलन स्किंक हे सूप शाकाहारी नाही, त्यात धुरावलेला मासा असतो. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या, बाटली भरून घ्या.

इतकं झालं की एक संध्याकाळ वाचनाला द्या. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गाइड गाडी चालवता-चालवता माइकवर सांगतो, त्याचा उच्चार पहिला तासभर कळत नाही, आणि कळायला लागतो तोवर अर्कर्ट मागे पडलेलं असतं.

अर्कर्ट लॉख नेसच्या काठावर आहे. हे सरोवर सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि जवळपास २३० मीटर खोल आहे. डोंगरांवरच्या पीटमुळे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या मातीमुळे, पाणी काळपट दिसतं. त्यातल्या प्राण्याची आताची आख्यायिका १९३३ पासून गाजली. मुलांना ती सांगा, पण स्वतः किल्ल्याकडे बघा. मॅकडॉनल्ड घराण्याचे हल्ले, ग्रँट घराण्याचा ताबा, असं इथे बरंच घडलं. शेवटी १६९२ मध्ये निघून जाणाऱ्या शिबंदीनेच तो सुरुंगाने उडवला, जॅकोबाइटांना वापरता येऊ नये म्हणून. जॅकोबाइट म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजा जेम्स आणि त्याच्या वंशजांचे समर्थक. मुख्य दरवाजाजवळ पडलेले बांधकामाचे प्रचंड ढलपे त्या स्फोटातले आहेत. हे माहीत असलं की त्या ढलप्यांपाशी थांबावंसं वाटतं.

आयलन डोननची कथा वेगळी. तीन खाऱ्या लॉखांचं, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांचं पाणी जिथे मिळतं तिथल्या बेटावर हा किल्ला आहे. शतकानुशतकं तो इथल्या किंटेल भागातल्या मॅकेंझी घराण्याचा, आणि मॅक्रे घराणं हे त्यांचे अंगरक्षक. १७१९ च्या मे महिन्यात त्यात ४६ स्पॅनिश सैनिक होते, जॅकोबाइटांच्या मदतीला आलेले. ब्रिटिश आरमाराच्या तीन जहाजांनी तोफा डागल्या, किल्ला घेतला आणि आतल्याच दारूगोळ्याने उडवला. महिन्याभराने, १० जूनला, जवळच्या ग्लेन शीलमध्ये लढाई झाली. तिथल्या एका शिखराचं गेलिक या स्थानिक भाषेतलं नाव आजही स्पॅनिशांचं शिखर असंच आहे. किल्ला पुढे दोनशे वर्षं ढिगाऱ्यात पडून होता. आज जो दिसतो तो जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी १९१२ ते १९३२ मध्ये पुन्हा बांधवला. दगडी पूलही तेव्हाचाच. एका दिवसात एक किल्ला भग्न तसाच जपलेला आणि एक नव्याने उभारलेला बघायला मिळतो. आपल्या गडांच्या डागडुजीवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. मला स्वतःला अर्कर्ट अधिक भिडतं.

मराठी माणसासाठी इथे आणखी एक धागा आहे. याच मॅकेंझी घराण्याचे प्रमुख फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेंझी यांनी १७९३ मध्ये ७८ वी हायलँडर्स पलटण उभी केली. दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, ती पलटण आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. सोबतची ७४ वी पलटण शिंद्यांच्या तोफांपुढे जवळपास संपली. पुढे या पलटणींना ‘असई’ हे नाव आणि हत्तीचं चिन्ह मानाने मिळालं. या गरीब दऱ्यांतली पोरं आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात मरायला का आली, हा प्रश्न मनात घेऊन ग्लेन शील बघा.

त्याच प्रश्नाचा दुसरा भाग रिकाम्या उतारांवर आहे. मैलोन्‌मैल घर दिसत नाही ते काही निसर्गाने तसं ठेवलेलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना उठवलं, हजारो लोक समुद्रापार गेले. स्कायवर पोर्ट्रीजवळच्या ब्रेझ गावात १८८२ मध्ये कुळांनी, त्यातही बायकांनी, ग्लासगोहून आलेल्या पोलिसांना दगड मारून अडवलं. चौकशी आयोग बसला आणि १८८६ च्या कायद्याने जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क पक्का झाला. हे गाइडला आवर्जून विचारा. बहुतेकांना यावर बोलायला आवडतं, आणि प्रवाशांपैकी कुणी विचारत नाही.

सकाळी पंधरा मिनिटं आधी पोचा, बस कुणासाठी थांबत नाही. जागा निवडता आली तर जाताना डावीकडची घ्या. लॉख नेस, पुढे लॉख क्लूनी आणि आयलन डोननचं पहिलं दर्शन, सगळं त्याच बाजूला आहे. किंटेलच्या ‘पाच बहिणी’ ही शिखरं मात्र उजवीकडे येतात, तेवढ्यापुरतं शेजाऱ्याच्या खांद्यावरून बघा. पट्टा बांधणं कायद्याने सक्तीचं आहे. प्रत्येक थांब्यावर उतरताना निघायची वेळ गाइडकडून पुन्हा ऐकून फोनवर गजर लावा. आयलन डोननला आत जाण्याआधी पुलावरून एकदा किल्ला बघून घ्या, फोटो मग काढा. आतल्या पायऱ्या अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरच थांबून पाण्याकाठचं मॅक्रे सैनिकांचं स्मारक बघितलं तरी वेळ सत्कारणी लागतो. स्कायचा पूल १९९५ चा, त्यावरून जाताना डावीकडे कॅसल मॉइल या पडक्या किल्ल्याचे दोन सुळके दिसतात.

त्याच रात्रीची परतीची रेल्वे किंवा विमान घेऊ नका, मेंढरं रस्त्यात आली तरी बसला अर्धा तास उशीर होतो. इनव्हर्नेसमधली बरीच स्वयंपाकघरं नऊच्या सुमारास बंद होतात. टेबल आधी सांगून ठेवा, नाहीतर खोलीवर खिचडीचं पाकीट आणि किटली असू द्या.